पासपोर्टातली पाचवी ओळ

मराठीत आपण ‘रशियन’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. खुद्द रशियन भाषेत त्यासाठी दोन शब्द आहेत. ‘रुस्की’ म्हणजे वंशाने, भाषेने, घराण्याने रशियन. ‘रोसियानिन’ म्हणजे रशिया नावाच्या राज्याचा नागरिक. मग तो तातार असो, चेचेन असो, ज्यू असो की बुर्यात. काझानच्या मशिदीत नमाज पढणारा तातार हा रोसियानिन आहे, रुस्की नाही. भाषांतरात हा फरक गळून पडतो आणि त्याबरोबर गेल्या शंभर वर्षांत रशियन माणसाला पडलेला ‘मी नेमका कोण’ हा प्रश्नही आपल्याला दिसेनासा होतो.

खरं तर आपल्याला तो समजायला जड जाऊ नये. आपल्या गावांत ‘मराठी’ हा शब्द असाच दुहेरी चालतो. “आमच्या आळीत मराठी चार घरं, मुसलमान सहा,” असं लोक सहज बोलतात, आणि बोलणारा-ऐकणारा दोघंही मराठीतच बोलत असतात. मी शाळेत एक तास उर्दू आणि दुसरा तास मराठी शिकवतो. “सर, तुम्ही मराठी की मुसलमान?” हा प्रश्न मला मुलांनीही विचारलेला आहे आणि पालकांनीही. त्यामुळे रशियाचा इतिहास वाचताना माझं लक्ष लढायांपेक्षा या दोन शब्दांकडेच जास्त जातं.

यातली सर्वांत जुनी गोष्ट योगायोगाने आपल्याच मुलखात घडलेली आहे. त्वेर शहरातला अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १४७० च्या आसपास हुर्मुझहून एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि तिथून जुन्नरला पोचला. तेव्हा इथे बहमनी सुलतानांचं राज्य होतं. जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा ताब्यात घेतला आणि हा मुसलमान नाही, रशियन आहे हे कळल्यावर त्याला पेच घातला. इस्लाम कबूल कर, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाहीतर घोडा जाईल आणि हजार नाणी दंड भरावा लागेल. मुदत चार दिवसांची. हे कृत्य कुठल्याच अर्थाने इस्लामी नव्हतं, पण ते झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यातून निकितिनला सोडवलं तेही एका मुसलमानानेच. ख्वाजा मुहम्मद नावाच्या खुरासानी गृहस्थाने खानाकडे जाऊन रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला.

निकितिनने या प्रवासाची जी वही लिहिली ती रशियन साहित्यात ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जाते. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी मिळून तिच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. चित्रपटात मैत्रीचा गोडवा आहे, वहीत मात्र वेगळंच काही आहे. वाटेत अस्त्राखानजवळ लूट झाली तेव्हा निकितिनची धर्मपुस्तकं गेली. पुस्तकं गेली तशी दिनदर्शिकाही गेली. ईस्टर कधी, उपवास कधी सुरू करायचे, काही कळेना. मग तो अंदाजाने दिवस मोजू लागला आणि आजूबाजूचे मुसलमान रोजे धरत तेव्हा आपणही उपवास करू लागला. बिदरला लोकांनी नाव विचारलं तर तो आपलं ख्रिस्ती नाव सांगे, आणि मुसलमानी रिवाजाप्रमाणे ‘ख्वाजा यूसुफ खुरासानी’ असंही सांगे. वहीत जागोजाग तुर्की, फारसी आणि अरबी मिसळलेली बोली येते, आणि शेवटच्या पानावर अरबीत अल्लाहची नावं येतात. तो मनाने मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासक आजही भांडतात. मला या वहीतली एक वेगळीच जागा महत्त्वाची वाटते. आपल्या रशियन भूमीसारखी भूमी जगात नाही, देव तिचं रक्षण करो, फक्त तिथले सरदार अन्यायी आहेत, असं तो एका ठिकाणी लिहितो. वतनाच्या आठवणीने लिहिलेला हा मजकूर रशियन भाषेत नाही, तुर्कीत आहे. सरदारांवरची टीका लपवायची म्हणून असेल, किंवा इतक्या वर्षांनी मनातलं त्याच भाषेत येत असेल. दाभोळहून परत निघालेला निकितिन त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला.

तो एकटा होता. साडेचारशे वर्षांनंतर हाच प्रसंग लाखोंवर आला.

नोव्हेंबर १९२० मध्ये जनरल व्रांगेलची हरलेली फौज आणि तिच्याबरोबरची कुटुंबं क्रिमियातून सव्वाशेच्या आसपास जहाजांत बसून इस्तंबूलला आली. माणसं सुमारे १,४५,०००. त्या वेळी इस्तंबूल दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होतं. इकडे मुंबईत खिलाफत कमिटी त्याच शहराच्या काळजीने सभा भरवत होती, आणि तिकडे रशियन अधिकाऱ्यांच्या बायका पेराच्या रस्त्यावर अंगठ्या विकत होत्या. सैन्यातली पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गॅलिपोलीच्या उजाड किनाऱ्यावर तंबूंत ठेवण्यात आली. तिथे त्यांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे. कवायत केली, तंबूत चर्च उभारलं, नाटकं बसवली. छापखाना नव्हता, म्हणून ‘तोंडी वर्तमानपत्र’ काढलं: ठरलेल्या वेळी एक जण उभा राहून बातम्या आणि लेख वाचून दाखवी. आणि मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढल्या वर्षी जाताना प्रत्येकाने एकेक दगड आणून तिथे मृतांसाठी स्मारक रचलं.

डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने अशा परदेशी गेलेल्यांचं नागरिकत्व एका हुकमाने काढून घेतलं. म्हणजे देश होता तिथेच, माणसंही जिवंत, पण दोघांमधला कागद फाटला. पुढल्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या वतीने फ्रित्यॉफ नान्सेन या नॉर्वेजियन गृहस्थाने बिनदेशाच्या माणसांसाठी प्रवासाचा एक दाखला काढला. लोक त्याला ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणू लागले. संगीतकार स्त्राविन्स्की, चित्रकार शगाल, कादंबरीकार नाबोकोव यांच्याकडे हाच होता. त्याने सरहद्द ओलांडता येई, पण ‘तू कोण’ याचं उत्तर त्यात नव्हतं. ‘मूळचा रशियन, दुसरं राष्ट्रीयत्व न मिळालेला’ एवढंच त्याचं म्हणणं.

मग उत्तर कुठे शोधायचं? या माणसांनी ते अशा गोष्टींत शोधलं ज्या आपल्याला क्षुल्लक वाटतील. एक म्हणजे तारीख. बोल्शेविकांनी १९१८ मध्ये पंचांग बदललं. त्या वर्षी ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. चर्च जुन्याच पंचांगावर राहिलं, आणि परदेशातले रशियन लोक पत्रांवर दोन-दोन तारखा घालत बसले. दुसरी म्हणजे अक्षरं. त्याच सुमारास रशियन लेखनातली काही अक्षरं रद्द झाली: ‘यात’ नावाचं एक अक्षर आणि शब्दाच्या शेवटी लिहायचं, पण न उच्चारायचं एक चिन्ह. ही सुधारणा मुळात झारच्या काळातल्या भाषापंडितांनीच सुचवलेली होती. शिक्षक म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. न उच्चारल्या जाणाऱ्या चिन्हासाठी पोरांनी मार का खावा? पण पॅरिस-बर्लिनमधली अनेक रशियन वर्तमानपत्रं हट्टाने ती अक्षरं छापत राहिली. घर गेलं, जमीन गेली, झार गेला; ‘यात’ तरी आपल्या हातात आहे, अशी ती भावना होती. हसू येतं आणि पुढच्याच क्षणी येईनासं होतं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती एका शाळेची हकिकत. चेकोस्लोवाकियात मोराव्स्का त्शेबोवा या छोट्या गावी रशियन मुलांची निवासी शाळा होती. १२ डिसेंबर १९२३ रोजी तिथे आधी न सांगता दोन तास रद्द करण्यात आले आणि सगळ्या मुलांना एक निबंध लिहायला सांगितला: ‘१९१७ पासून शाळेत येईपर्यंतच्या माझ्या आठवणी’. काय लिहावं, कसं लिहावं, काही सांगितलं नाही. मुलांनी लिहिलं ते वाचून शिक्षक हादरले. घराच्या झडत्या, वडिलांना नेलेली रात्र, टायफस, आगगाडीच्या डब्यात मेलेलं भावंड, जहाजाचा डेक. काहींनी पानं भरली. काहींनी दोन ओळी लिहून कागद परत दिला. मग इतर देशांतल्या रशियन शाळांमध्येही हाच निबंध घेतला गेला आणि एकूण चोवीसशेच्या आसपास निबंध प्रागमध्ये जमा झाले. झेन्कोव्स्की या शिक्षणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास होऊन १९२५ मध्ये पुस्तकही निघालं. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात असलं काही कुणी शिकवलं नाही. ‘माझे आवडते फूल’ लिहिणाऱ्या वयातल्या पोरांना शाळेने सांगितलं, तुमच्यावर जे गुजरलं ते लिहिण्याजोगं आहे. स्थलांतरितांनी रशियाविषयी लिहिलेल्या तात्त्विक ग्रंथांचे ढीग आहेत. आम्ही युरोपीय नाही, आशियाई नाही, आमचं ‘युरेशियन’ असं वेगळंच जग आहे, असा एक अख्खा पंथ त्यांनी १९२१ मध्ये सोफियात काढला. ते ग्रंथ एका पारड्यात आणि हे चोवीसशे कागद दुसऱ्या पारड्यात टाकले तर मी कागदांकडे झुकेन.

त्याच १९२५ पासून स्थलांतरितांनी पुश्किनच्या वाढदिवसाला ‘रशियन संस्कृती दिन’ पाळायला सुरुवात केली. राजेशाहीवादी, समाजवादी, उदारमतवादी एकमेकांचं तोंड पाहत नसत. पण त्या दिवशी शाळेच्या सभागृहात येऊन बसत. गंमत अशी की पुश्किनचे पणजोबा आफ्रिकेतून आणलेले होते. रशियनपणाचं दैवत म्हणून ज्याच्याभोवती सगळे जमले, तो रुस्कीच्या कडक व्याख्येत पूर्ण बसत नव्हता.

पण ‘रशियन स्थलांतरित’ या शब्दाखाली रुस्की नसलेलेही पुष्कळ होते, आणि आम्हा मुसलमान वाचकांना त्यांची आठवण सहसा कुणी करून देत नाही. बेलग्रेडमध्ये व्रांगेलच्या फौजेतून आलेल्या काल्मिक लोकांनी १९२९ मध्ये बौद्ध मंदिर बांधलं. सायबेरियातून हार्बिनमार्गे जपानला पोचलेले तातार आणि बश्किर मुसलमान तिथे दारोदार फिरून कापड विकत. जपानी लोकांच्या लेखी ते रशियनच होते. त्यांनी १९२७ मध्ये टोकियोत शाळा काढली, मग अरबी लिपीचा छापखाना घातला आणि १९३४ मध्ये त्या छापखान्यातून कुरआन शरीफ छापून काढलं. कोबेची मशीद १९३५ ची. तिला हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांचा पैसा आणि तातारांचं योगदान दोन्ही लागलं. टोकियोची मशीद १९३८ ची. जपानी लष्करशाहीने यांना हाताशी धरलं ते काही दीनाच्या प्रेमाने नव्हे, चीन आणि रशियावर नजर ठेवून. हेही सांगायला हवं.

या मूठभर लोकांतही नावावरून भांडण लागलं. शाळेचे संस्थापक कुर्बानअलीयेव हे लोकांना मुसलमान जमात म्हणून बांधत होते. १९३३ मध्ये तिथे आलेले लेखक अयाज इसहाकी यांचा आग्रह ‘इदेल-उरालचे तुर्क-तातार’ या राष्ट्रीय नावाचा. आधी मिल्लत की आधी कौम, हा वाद टोकियोत शेकड्यांच्या वस्तीत इतका पेटला की घरांत फूट पडली. मी दोघांनाही चूक म्हणू शकत नाही. मात्र त्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला दोन्ही एकाच पुस्तकातून मिळत होतं, आणि ते पुस्तक अरबी लिपीतलं होतं. तिकडे त्यांच्या मूळ गावांत तातार भाषेची लिपी १९२७ मध्ये अरबीची लॅटिन झाली आणि १९३९ मध्ये लॅटिनची रशियन. बारा वर्षांत दोनदा. आजीच्या ट्रंकेतलं पत्र नातवाला वाचता येईना. माझ्या वर्गात आजोबांची उर्दू चिठ्ठी घेऊन येणारी पोरं असतात, “सर, यात काय लिहिलंय?” म्हणून. तिथे पुऱ्या कौमेचं असं झालं. टोकियोतल्या त्या लोकांना अखेर १९५० च्या दशकात तुर्कस्तानने नागरिकत्व दिलं. ज्या देशात बहुतेकांनी पाऊलही ठेवलं नव्हतं त्या देशाचं.

याच काळातले मूसा जारुल्लाह बिगीएव हे थोर आलिम. उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथल्या मुसलमानाने रोजा कसा धरावा, यावर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं होतं. १९३० मध्ये बायको आणि मुली मागे ठेवून ते रशियातून निसटले. चीन, जपान, हिंदुस्थान असे फिरले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना पेशावरला कैदेत टाकलं, आणि भोपाळच्या नवाबांच्या मध्यस्थीने ते सुटले. १९४९ मध्ये कैरोत त्यांचा इंतकाल झाला. बायकोमुलींची भेट पुन्हा झाली नाही.

परत जाणाऱ्यांचं काय झालं? तोही एक उपाय होताच. ‘बोल्शेविक असले तरी शेवटी राज्य रशियन आहे, ते मानून टाका’ असं सांगणारा गट १९२१ मध्येच निघाला होता. त्यातला प्रमुख विचारवंत उस्त्रियालोव हार्बिनला प्राध्यापक होता. चीनमधलं हे हार्बिन रशियन रेल्वेने वसवलेलं गाव. १९२४ च्या करारानंतर रेल्वेत नोकरी हवी तर सोव्हिएत किंवा चिनी नागरिक व्हावं लागे. पोटासाठी सोव्हिएत पासपोर्ट घेतलेल्यांना तिथले लोक ‘मुळा’ म्हणत; त्यांच्याकडच्या लाल मुळ्यासारखे बाहेरून लाल, आतून पांढरे. १९३५ मध्ये रेल्वे विकली गेली आणि हजारो कुटुंबं मोठ्या आशेने सोव्हिएत संघात परतली. सप्टेंबर १९३७ मध्ये ‘हार्बिनवाल्यां’विरुद्ध खास हुकूम निघाला. जपानचे हेर म्हणून हजारोंना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी उस्त्रियालोवलाही.

कवयित्री मारीना त्स्वेतायेवाच्या घरात हे सगळं एकवटलेलं आहे. नवरा सर्गेई एफ्रोन पांढऱ्या सैन्यातला. परदेशात पस्तावून सोव्हिएत हेरखात्याच्या कामाला लागला. मुलगी अरियाद्ना काही काळ त्याच मोराव्स्का त्शेबोवाच्या शाळेत शिकलेली. मुलगा प्रागजवळ जन्मलेला आणि फ्रान्समध्ये वाढलेला. १९३७ मध्ये आधी मुलगी परतली, मग नवरा. १९३९ च्या जूनमध्ये मुलाला घेऊन मारीना गेली. त्याच वर्षी मुलीला आणि नवऱ्याला अटक झाली. नवऱ्याला १९४१ मध्ये मारलं. युद्धात मॉस्कोहून हलवलेली मारीना पोचली ती येलाबुगाला, म्हणजे तातार प्रजासत्ताकात. तिथून तिने काझानच्या लेखक संघाला अनुवादाचं काम मागणारं पत्र लिहिलं. लेखकांच्या खानावळीत भांडी घासायचं काम मिळावं म्हणूनही अर्ज केला. ३१ ऑगस्ट १९४१ ला तिने गळफास घेतला. पॅरिसमध्ये ती पुरेशी ‘स्थलांतरित’ नव्हती आणि मॉस्कोत पुरेशी ‘सोव्हिएत’ नव्हती. आयुष्यभर रशियन भाषेतच राहिलेली बाई शेवटी तातार कवितांचा रशियन अनुवाद करून पोट भरू पाहत होती. मुलगा १९४४ मध्ये आघाडीवर मेला.

आता देशाच्या आतल्यांकडे वळतो, कारण परदेशी गेलेल्यांची ओळख कागद हरवल्यामुळे संकटात आली, तर आत राहिलेल्यांची कागद मिळाल्यामुळे. डिसेंबर १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने अंतर्गत पासपोर्ट सुरू केले. सरकारी फॉर्मवर राष्ट्रीयत्वाची जी ओळ असे ती ‘पाचवी ओळ’ म्हणून बदनाम झाली. सुरुवातीला माणूस स्वतः सांगेल ते लिहीत. १९३८ पासून आईबापांचं राष्ट्रीयत्व पाहून लिहायचा नियम आला. सोळाव्या वर्षी पासपोर्ट घेताना आईबाप वेगवेगळे असतील तर एकाचं निवडायचं. दोन्ही लिहिण्याची सोय नव्हती. धर्म मिटवू, राष्ट्रं मिटवू म्हणणाऱ्या राज्याने जन्माची जात पासपोर्टात छापली, हे मला त्या सगळ्या प्रयोगातलं सर्वांत मोठं वैगुण्य वाटतं. ऑगस्ट १९४१ मध्ये व्होल्गाकाठच्या जर्मनांना, १९४४ मध्ये चेचेन, इंगुश आणि क्रिमियाच्या तातारांना मालगाड्यांत कोंबून हलवलं, ते राष्ट्रीयत्व पाहूनच. ज्यू लोकांना या ओळीमुळे कॉलेजात जागा नाकारल्या जात. ते स्वतःला ‘पाचव्या गटातले अपंग’ म्हणून हसत. पुढे १९८९ नंतर त्यातले दहा लाखांच्या आसपास लोक इस्रायलला गेले. तिथे शेजारी त्यांना ‘रूसी’ म्हणू लागले. तिकडे ज्यू, इकडे रशियन, हा त्यांचाच विनोद. जर्मनीत परतलेल्या रशियन जर्मनांचंही तेच.

एवढी वाईट ओळ काढून टाकली तर सगळ्यांना आनंद व्हायला हवा ना? १९९७ मध्ये नव्या रशियाने ती काढली. आक्षेप घेतला तातारस्तानने आणि बश्कोर्तोस्तानने. त्यांचं म्हणणं असं की, ओळ गेली तर आम्ही आहोत याचा पुरावाही गेला. उद्या सगळेच रुस्की धरले जातील. अखेर तातारस्तानच्या पासपोर्टात तातार भाषेतलं एक जोडपान घालण्याची तडजोड झाली. ज्यूला जी बेडी वाटत होती तीच तातारला सनद वाटत होती. जनगणनेत काय लिहायचं, भाषेच्या रकान्यात उर्दू की मराठी, यावर आपल्याकडे मोहल्ल्यात होणाऱ्या चर्चा आठवा. दोन्ही बाजूंची भीती खरी असते.

१९९१ मध्ये आणखी एक उलटी गोष्ट घडली. या वेळी माणसं जागेवरच राहिली आणि सरहद्दी हलल्या. अडीच कोटी रुस्की एका हिवाळ्यात रशियाबाहेर पडले, घर न सोडता. लात्वियाने १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व दिलं. बाकीच्या सुमारे सात लाख लोकांना ‘अ-नागरिक’ असा पासपोर्ट मिळाला, मतदानाचा हक्क नसलेला. कालपर्यंत साम्राज्याचा मालक असलेला माणूस भाषेच्या परीक्षेला बसू लागला. लात्वियन लोकांची बाजूही ऐकली पाहिजे: १९४१ आणि १९४९ च्या हद्दपाऱ्या, आणि स्वतःच्याच देशात त्यांचं प्रमाण पाऊणशे टक्क्यांवरून १९८९ पर्यंत ५२ टक्क्यांवर आलेलं. दोघांचंही दुखणं खरं होतं. फरक एवढाच की मॉस्कोला नंतर त्यातलं एकच दिसलं आणि ‘आपल्या लोकांचं रक्षण’ हे चढाईचं निमित्त झालं.

येल्त्सिन भाषणात लोकांना ‘रोसियाने’ म्हणून हाक मारी. १९९३ ची राज्यघटनाही ‘आम्ही बहुराष्ट्रीय लोक’ अशी सुरू होते. २०१८ मध्ये कायदा बदलून तातारसारख्या भाषांचा शाळेतला तास ऐच्छिक झाला, आणि पालकांनी अर्जात मातृभाषा निवडायची, त्या यादीत रशियनही आली. भाषेचा शिक्षक म्हणून सांगतो, ऐच्छिक विषय कसा मरतो हे मी जवळून पाहिलं आहे; वेळापत्रकात तो शेवटच्या तासाला जातो आणि मग शिक्षक निवृत्त होण्याची वाट पाहिली जाते. २०२० च्या घटनादुरुस्तीने रशियन ही ‘राज्य घडवणाऱ्या लोकांची’ भाषा ठरली. मोठा शब्द पुन्हा लहान शब्दाच्या ताब्यात गेला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर लाखो लोक पुन्हा देशाबाहेर पडले. तिबिलिसी, येरेवान, अल्माटी, आणि शंभर वर्षांपूर्वीचीच दोन शहरं: इस्तंबूल, बेलग्रेड. झेंड्यातला लाल पट्टा रक्ताचा म्हणून काढून त्यांनी पांढरा-निळा-पांढरा झेंडा केला. सप्टेंबरमध्ये सैन्यभरती जाहीर झाली तेव्हा कझाकस्तानच्या सरहद्दीवरच्या ओराल गावात आलेल्यांना झोपायला सिनेमागृह उघडून दिलं. कझाक लोकांची पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हेटाळणी केली, त्यांचेच मुलगे तिथे चादर मागत होते. काही बुर्यात तरुण मंगोलियाला गेले. तिथल्या एका माजी राष्ट्राध्यक्षांनीच बुर्यात, तुवा आणि काल्मिक लोकांना या म्हणून हाक दिली होती. मॉस्कोत भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ‘फक्त स्लाव कुटुंबाला’ असं लिहिलेलं या तरुणांनी वाचलेलं असतं. मुंबई-पुण्यात घर शोधलेल्या माझ्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. आणि उलानबातरच्या दुकानात त्यातला एखादा तोंड उघडतो, त्याच्या तोंडून रशियन बाहेर पडतं, तेव्हा दुकानदाराच्या लेखी तो रशियनच असतो.